बाळ उताणंच निजवा: पहिल्या वर्षातली सुरक्षित झोप, पायरी-पायरीने

तान्ह्या बाळाच्या झोपेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा: पहिलं वर्षभर प्रत्येक झोपेला, मग ती रात्रीची असो वा दुपारची दहा मिनिटांची डुलकी, बाळाला पाठीवर, म्हणजे उताणं ठेवायचं. सपाट, टणक गादीवर. आणि त्या गादीवर बाळाशिवाय दुसरं काहीही नको.

बहुतेक आईबाबांना हे दवाखान्यातच सांगितलेलं असतं. तरी ते मोडतं, आणि मोडतं ते ‘आजच्या दिवस’ म्हणून. बाळ रडून रडून हैराण झालेलं असतं आणि पालथं टाकल्यावर गप्प होतं. दूध पाजता पाजता आईचा सोफ्यावरच डोळा लागतो. मदतीला आलेल्या माणसाच्या हाताला जुनी सवय असते. म्हणून झोपेची व्यवस्था सगळं सुरळीत चाललेल्या दिवसाचा विचार करून लावू नका. ती तुमच्या सगळ्यात थकलेल्या रात्रीसाठी लावा. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

## कशापासून जपायचं आहे

वरकरणी धडधाकट असलेलं, एक वर्षाच्या आतलं बाळ झोपेत दगावतं आणि शवविच्छेदन, जागेची पाहणी, आजारपणाचा इतिहास हे सगळं तपासूनही कारण सापडत नाही, तेव्हा त्याला आकस्मिक शिशुमृत्यू म्हणतात. डॉक्टर ‘सिड्स’ म्हणतात. हे नाव १९६९ मध्ये रूढ झालं. सर्वांत जास्त धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात असतो आणि दहापैकी नऊ मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. याशिवाय उशीत, पांघरुणात किंवा फटीत तोंड दबून गुदमरल्याने होणारे मृत्यू वेगळे. प्रतिबंधाचे उपाय मात्र दोन्हींसाठी जवळजवळ सारखेच आहेत.

हे का घडतं? १९९४ मध्ये फिलियानो आणि हॅना किनी या संशोधकांनी मांडलेली तीन धोक्यांची कल्पना आजही सर्वांत जास्त मानली जाते. पहिला धोका बाळाच्या आतला: काही बाळांच्या मेंदूच्या देठात, जिथून श्वास आणि जाग येणं यांचं नियंत्रण होतं तिथे, काही उणीव असते. किनी यांच्या गटाला अशा बाळांमध्ये सेरोटोनिनच्या, म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाच्या, यंत्रणेत बिघाड आढळला. दुसरा धोका वयाचा: पहिल्या काही महिन्यांत ही सगळी नियंत्रणं बदलत, घडत असतात. तिसरा बाहेरचा: पालथं झोपणं, मऊ अंथरूण, अति ऊब, सिगारेटचा धूर. तिन्ही एकत्र आले की घात होतो. आपल्या बाळात ती उणीव आहे की नाही हे बाहेरून ओळखता येत नाही, वय थांबवता येत नाही. हातात राहतो तो तिसरा धोका.

ज्या घरात हे दुःख आलं आहे त्यांनी हा लेख वाचला, तर एक नक्की सांगायचं आहे. सगळं काटेकोर पाळूनही काही बाळं जातात. खाली सांगितलेल्या गोष्टी धोका पुष्कळ कमी करतात, तो शून्यावर आणत नाहीत. असं मूल गमावलेल्या आईबाबांना ‘तुम्ही नीट लक्ष दिलं नसेल’ असं कुणीही सुनावू नये.

## पालथं का नको

पालथं झोपलेलं बाळ गाढ झोपतं, हे घरातल्या मोठ्यांचं निरीक्षण खरं आहे. अडचण तीच आहे. श्वास कमी पडला की निरोगी बाळ कुठल्या तरी पातळीवर जागं होतं, डोकं हलवतं, रडतं. पालथ्या बाळाला ही जाग उशिरा येते. शिवाय तोंड गादीला लागलं की सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि ऑक्सिजन घटत जातो. चेहऱ्यातून बाहेर पडणारी उष्णताही अडते.

कुशीवर ठेवणं हा मधला मार्ग वाटतो, पण तोही सुरक्षित नाही. कुशीवरचं बाळ सहज पोटावर घरंगळतं आणि आधाराला लावलेला लोड तोंडाशी येतो. १९९२ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ‘उताणं किंवा कुशीवर’ असा सल्ला दिला होता. २००५ मध्ये तिने कुशीवरचा पर्याय स्पष्टपणे काढून टाकला. घरात कुणी ‘आम्हाला तर डॉक्टरांनीच कुशीवर सांगितलं होतं’ म्हणालं, तर ते खोटं बोलत नाहीत. सल्ला बदलला आहे.

हा बदल फार उशिरा झाला, याची हळहळ वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अनेक देशांत डॉक्टर स्वतःच बाळांना पालथं झोपवायला सांगत होते. पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसलं की पालथं झोपण्यातला धोका ओळखण्याइतका पुरावा १९७० पर्यंतच जमा झाला होता. तो तेव्हाच एकत्र करून पाहिला असता, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचली असती, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. नेदरलँड्समध्ये १९८७ मध्ये, ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९४ मध्ये उताणं झोपवण्याच्या मोहिमा सुरू झाल्या आणि मृत्यूंचं प्रमाण भराभर उतरलं. अमेरिकेत ते दहा वर्षांत निम्म्यावर आलं.

## ‘पण उताणं झोपून दूध बाहेर आलं तर? ठसका लागेल ना?’

ही भीती सगळ्यांना असते आणि ती समजण्यासारखी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

घशात दोन नळ्या असतात: पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली येते. पोटातून वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला चढ चढावा लागतो. ते चढत नाही. बाळ ते गिळून टाकतं किंवा तोंडाच्या कडेने बाहेर सोडतं. पालथं केलं की हाच क्रम उलटतो. आता श्वासनलिका खाली येते आणि वर आलेलं दूध तिच्या तोंडाशीच जमतं. म्हणजे ठसक्याच्या भीतीने बाळाला पालथं करणं हे नेमकं उलट आहे. उताणं झोपवायला लागल्यापासून ठसक्याने होणारे मृत्यू वाढलेले नाहीत.

सारखं दूध टाकणाऱ्या बाळांनाही हेच लागू आहे. गादीखाली काही ठेवून डोक्याकडची बाजू उंच केल्याने दूध येणं थांबत नाही. बाळ मात्र घसरून खाली येतं आणि मान दुमडते. दूध पाजल्यावर थोडा वेळ उभं धरा, ढेकर काढा, मग सपाट निजवा. श्वासमार्गाचे काही दुर्मीळ आजार असलेल्या बाळांना डॉक्टर वेगळी स्थिती सांगतात. ती त्यांच्या सांगण्यावरूनच, आपल्या अंदाजाने नाही.

## पहिली पायरी: झोपायची जागा

हे काम बाळ यायच्या आधी करा, नंतर फुरसत मिळत नाही.

गादीवर तळहात दाबा आणि उचला. हाताचा खळगा तसाच राहिला तर ती गादी बाळासाठी फार मऊ आहे. मोठ्यांना ती कडक वाटली तर काळजी करू नका, बाळाला ती तशीच हवी. आता गादी आणि पाळण्याची कड यांच्या मधे बोटं घालून बघा. दोनपेक्षा जास्त बोटं गेली तर बाळाचं तोंड त्या फटीत अडकू शकतं. फटीत कापड कोंबून ती बुजवू नका, मापाची गादी आणा. गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग निसटतं आणि डोकं अडकतं. जुना पाळणा वापरणार असाल तर गज, बिजागऱ्या, स्क्रू एकेक हलवून बघा. एक कड खाली सरकणारे पाळणे टाळाच. त्यांत बाळं अडकल्यामुळे अमेरिकेने २०११ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

गादीवर एकच चादर, चारही कोपऱ्यांत ताणून बसवलेली. उशी नको, डोकं गोल करायची छोटी उशीसुद्धा नको. दुलई, लोड, मऊ खेळणी नकोत. पाळण्याच्या कडेला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या दिसायला सुंदर असतात आणि बाळाचं डोकं आपटू नये म्हणून आपण त्या आणतो. पण त्यांत तोंड दबतं, बंदात मान अडकते. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने त्यांच्यावर आणि १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या बाळ-बिछान्यांवर बंदी आली. उतारावर बाळाचं जड डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि मऊ श्वासनलिका दुमडते. काहीही आवाज होत नाही, म्हणून शेजारी बसलेल्या माणसालाही ते कळत नाही.

‘मग पाळणा किती ओकाबोका दिसतो,’ असं वाटतं खरं. दिसू दे.

पाळणा तुमच्याच खोलीत, तुमच्या पलंगालगत ठेवा, निदान पहिले सहा महिने. खिडकीच्या पडद्याच्या दोऱ्या आणि चार्जरच्या वायरी हाताच्या टप्प्यात नकोत.

## दुसरी पायरी: कपडे आणि ऊब

अति ऊब हा धोका आहे, आणि आपण सगळेच बाळाला जास्त गुंडाळतो. तुम्हाला त्या खोलीत जितके कपडे पुरतात त्यापेक्षा फार तर एक थर जास्त. हातपाय गार लागले म्हणून आणखी घालू नका, तान्ह्यांचे हातपाय थोडे गार असतातच. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. घाम, ओलसर केस, लालबुंद गाल दिसले तर एक थर कमी करा. घरात झोपताना टोपडं काढा. बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता बाहेर टाकतं, आणि सरकलेलं टोपडं नाकावर येतं.

पांघरुणाऐवजी अंगात घालायची झोपपिशवी चांगली, कारण ती तोंडावर सरकत नाही. तशी नसेल आणि पातळ पांघरूण घालावंच लागलं, तर बाळाचे पाय पाळण्याच्या पायथ्याला टेकतील असं त्याला खाली ठेवा, पांघरूण काखेपर्यंतच घ्या आणि तिन्ही बाजूंनी गादीखाली खोचा. वजन भरलेली पांघरुणं आणि पिशव्या वापरू नका.

बाळाला कापडात गुंडाळायचं असेल तर ते फक्त उताणं असताना, छातीवर श्वासाला जागा ठेवून आणि मांड्या मोकळ्या हलतील असं. वळायचा पहिला प्रयत्न दिसला की त्याच दिवशी गुंडाळणं बंद. काही बाळं हे तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच करतात, आणि हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर त्याला डोकं उचलायला काहीच आधार नसतो.

## तिसरी पायरी: खाली ठेवताना

पाठ गादीला लागल्याबरोबर बाळ दचकतं, दोन्ही हात फाकवतं आणि रडू लागतं. इथेच बऱ्याच घरांत ‘हे बाळ उताणं झोपतच नाही’ असा निष्कर्ष निघतो. हे दचकणं तान्ह्यांत उपजत असतं, काही महिन्यांत जातं. त्यावर एक युक्ती आहे: बाळाला अंगाशी धरूनच वाका. आधी पाय आणि कुल्ले टेकवा, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. डोक्याखालचा हात लगेच ओढू नका. दुसरा हात छातीवर सपाट, हलका ठेवा आणि बाळाचा श्वास संथ होईपर्यंत तसाच राहू द्या. पहिले काही दिवस वेळ लागतो. जन्मापासून उताणी झोपणारी बाळं त्यालाच सरावतात.

## चौथी पायरी: रात्री तीनचं दूध

माझ्या मते सगळ्यात जास्त तयारी इथे लागते.

सोफा आणि आरामखुर्ची या बाळासोबत डोळा लागण्याच्या सर्वांत धोकादायक जागा आहेत. पेंगलेल्या माणसाचं अंग आणि सोफ्याची पाठ यांच्या बेचक्यात बाळ रुतून बसतं. म्हणून डोळे मिटत असतील तर सोफ्यावर जाऊन पाजू नका. तज्ज्ञांचा सल्ला बाळाने स्वतंत्र जागी झोपावं असाच आहे. तरी पाजताना झोप लागण्याची शक्यता वाटत असेल, तर सोफ्यापेक्षा पलंग कमी धोक्याचा. बसण्याआधी उशा आणि पांघरुणं बाजूला काढा, बाळ पडेल किंवा अडकेल अशी फट ठेवू नका, आणि जाग आली की लगेच बाळाला त्याच्या जागी ठेवा. किती वेळ झाला, याचा हिशेब करत बसू नका. घरात दुसरं कुणी असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा: ‘मी पाजून होईपर्यंत जागा राहा, आणि मला पेंग आली तर बाळ उचलून पाळण्यात ठेव.’

काही परिस्थितींत बाळाला शेजारी घेऊन झोपूच नये: बाळ चार महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, दोघांपैकी कुणीही धूम्रपान करत असेल, मग ते खोलीबाहेर जाऊन का असेना, कुणी दारू किंवा गुंगी आणणारं औषध घेतलं असेल, किंवा गादी मऊ असेल.

## बाळ भलतीकडेच झोपलं तर

गाडीतली बाळाची सीट प्रवासासाठी आहे. प्रवासात बाळ तिच्यात झोपलं तर झोपू द्या, पोचल्यावर मात्र काढून सपाट जागी ठेवा. झुलत्या खुर्चीचंही तसंच. बाळाला अंगाशी बांधून फिरत असाल तर त्याचा चेहरा तुम्हाला मान वाकवताच दिसला पाहिजे, नाक-तोंड उघडं आणि हनुवटी छातीपासून सुटलेली हवी.

## इतर सांभाळणाऱ्यांना सांगणं

ही पायरी अवघड जाते, कारण त्यात मोठ्यांना शिकवल्यासारखं होतं. पण नेहमी उताणं झोपणारं बाळ एखाद्या दिवशी अचानक पालथं ठेवलं तर त्याचा धोका नेहमी पालथं झोपणाऱ्या बाळापेक्षाही जास्त असतो. एका दुपारीपुरती मदतीला आलेली व्यक्ती म्हणूनच महत्त्वाची. वाद न घालता सोपं सांगता येतं: ‘आई, ह्याला पोटावरची सवयच नाहीये. दुपारीसुद्धा उताणंच ठेवा हं, आणि पांघरूण नको, पिशवी घातलीये.’ पाळणाघरात ठेवणार असाल तर बाळं कशी झोपवतात हे विचारण्यापेक्षा झोपेच्या वेळी जाऊन डोळ्यांनी बघा.

## आणखी काय उपयोगी पडतं

धूर सर्वांत वर. गरोदरपणातलं धूम्रपान आणि जन्मानंतर बाळाच्या आसपासचा धूर, दोन्हींनी धोका ठळकपणे वाढतो. घरात आणि गाडीत कुणीही, कधीही ओढू नये.

अंगावरचं दूध संरक्षण देतं. किमान दोन महिने पाजलं तरी धोका जवळपास निम्मा होतो. काही कारणाने पूर्ण जमत नसेल तर जेवढं जमेल तेवढंही उपयोगी. झोपताना चोखणी दिल्यानेही धोका कमी झालेला दिसतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध पिणं नीट जमल्यावरच ती सुरू करा. झोपेत पडली तर परत घालू नका, आणि दोरीने गळ्यात किंवा कपड्याला अडकवू नका. बाळ नको म्हणत असेल तर आग्रह नको. लसी वेळेवर द्या. लसींमुळे हे मृत्यू होतात हा समज अनेक अभ्यासांनी खोडून काढला आहे.

श्वास किंवा ऑक्सिजन मोजणारे मोजे, गादीखालचे पट्टे यांनी हे मृत्यू कमी झाल्याचं दिसलेलं नाही. त्यांच्या भरवशावर वरच्या कुठल्याही पायरीत सूट घेऊ नका.

## डोकं चपटं होतं, त्याचं काय?

मागून थोडं चपटं होऊ शकतं, आणि बहुतेकांचं ते बसायला लागल्यावर हळूहळू सुधारतं. एका रात्री डोकं पाळण्याच्या या टोकाला, दुसऱ्या रात्री त्या टोकाला ठेवा, म्हणजे बाळ दोन्हीकडे वळून बघेल. आणि जागं असताना, तुम्ही समोर असताना, त्याला रोज पोटावर खेळवा. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून काही वेळा. सातव्या आठवड्यापर्यंत दिवसभरात मिळून १५ ते ३० मिनिटं व्हावीत. याने मान आणि खांदे बळकट होतात. खेळता खेळता पेंगलं की उचलून उताणं ठेवा. मान एकाच बाजूला वळत असेल किंवा चपटेपणा वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

## अंगात घेऊन ठेवण्यासारखं एक कौशल्य

बाळ हाक मारून, तळपायाला टिचकी मारून प्रतिसाद देत नसेल, श्वास दिसत नसेल, तर मदतीला ओरडा आणि आपत्कालीन सेवेला फोन लावून स्पीकरवर ठेवा. बाळाला टणक जागी उताणं ठेवा. दोन्ही हातांनी छातीला वेढा घालून, दोन्ही अंगठ्यांनी स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली छातीच्या मध्यभागी सुमारे ४ सेंटिमीटर दाबा, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. ३० वेळा दाबून झालं की बाळाचं नाक आणि तोंड मिळून आपल्या तोंडात घ्या आणि छाती उचलेल इतपतच दोन हलके श्वास द्या. मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. वाचून हे हातात बसत नाही. बाहुलीवर शिकवणारा वर्ग बाळंतपणाआधीच दोघांनी करा.

## बाळ आपोआप पालथं होऊ लागलं की

साधारण चार ते सहा महिन्यांत बाळ वळायला लागतं आणि आईबाबांची झोप उडते. ठेवताना उताणंच ठेवा. दोन्ही बाजूंनी, म्हणजे उताण्यावरून पालथं आणि पालथ्यावरून उताणं, स्वतःहून वळता येत असेल तर झोपेत ते ज्या स्थितीत जाईल त्या स्थितीत राहू द्या. रात्रभर उठून उठून उलटवायची गरज नाही. तोवर पालथं झालेलं दिसलं तर हळूच सरळ करा. मोकळं वळणारं बाळ पाळण्यात कुठेही पोचतं, म्हणून गादी रिकामी ठेवण्याचा नियम या वयात उलट जास्त महत्त्वाचा होतो. बसायला लागलं की गादीची पातळी खाली उतरवा, उभं राहायच्या आधी सगळ्यात खालच्या खुंटीवर. पांघरूण पहिल्या वाढदिवसानंतर, उशी त्याहून उशिरा दिली तरी चालते. नसल्याने मुलाचं काही अडत नाही.